अँपविना गिटार : डिजिटल मॉडेलर स्टेजवर लावताना

इलेक्ट्रिक गिटारच्या अँपला दोन कामे असतात. पिकअपमधून आलेल्या क्षीण विद्युत संदेशाला रंग देणे हे पहिले, आणि तो रंगलेला आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे हे दुसरे. डिजिटल मॉडेलर यांतले पहिलेच काम करतो. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, स्पीकरसमोरचा माइक या सगळ्यांचा परिणाम त्याच्यातला प्रोसेसर गणिताने काढतो. आवाज पोचवण्याचे काम मात्र पीए म्हणजे हॉलची ध्वनिक्षेपण यंत्रणा, मिक्सर आणि तो चालवणारा साउंड इंजिनिअर यांच्याकडे जाते. घरी हेडफोनवर अप्रतिम वाटलेला टोन कार्यक्रमात बँडखाली दबतो किंवा कानात टोचतो, त्याचे कारण बहुतेक वेळा या वाटणीत सापडते. मॉडेलर स्टेजसाठी लावायचा म्हणजे ही वाटणी मान्य करून प्रत्येक सेटिंग तपासायचे.

दोन्ही कामे अँपवरच कशी पडली, याचा इंग्लंडमधला इतिहास पाहण्यासारखा आहे. १९५८ मध्ये केंट परगण्यातल्या डार्टफर्ड गावी टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीने डिक डेनी यांनी रचलेला व्हॉक्स एसी१५ हा अँप बाजारात आणला. पंधरा वॉटचा हा अँप नाचाच्या हॉलमधल्या किंचाळणाऱ्या गर्दीपुढे तोकडा पडू लागला, तेव्हा १९६० च्या सुमारास एसी३० आला. शॅडोज आणि पाठोपाठ बीटल्स या बँडांनी तो घराघरांत पोचवला. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला वाद्यांचे दुकान चालवणारे ड्रमर जिम मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून १९६२ मध्ये जेटीएम४५ बनवला. पुढे शंभर वॉटचे अँप आणि माणसाच्या उंचीचे स्पीकरचे मनोरे आले. त्या काळी हॉलमधला पीए फक्त गायकासाठी असे; गिटारचा आवाज अँपनेच स्वतःच्या बळावर पोचवायचा. ऑगस्ट १९६७ मध्ये विंडसरच्या जॅझ अँड ब्लूज महोत्सवात लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांनी हजार वॉटचा पीए उभा केला आणि परिस्थिती पालटली. वाद्येही मिक्सरमधून लोकांपर्यंत जाऊ लागली. अँपचे पोचवण्याचे काम खरे तर तेव्हाच संपत आले होते. मनोरे मात्र पुढे कित्येक वर्षे उभे राहिले, थोडे सवयीने आणि बरेचसे रुबाबासाठी.

अमेरिकेत १९८९ मध्ये सॅन्सअँप नावाचे छोटे अ‍ॅनालॉग पेडल आले. अँपशिवाय थेट मिक्सरला गिटार जोडण्याची सोय त्याने करून दिली. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचा लालभडक पॉड आला आणि डिजिटल मॉडेलिंग सामान्य वादकाच्या हाती पडले. फ्रॅक्टल ऑडिओचा अ‍ॅक्स-एफएक्स २००६ मध्ये आला, तर जर्मनीतला केम्पर प्रोफायलर २०११ मध्ये. केम्परची रीत वेगळी आहे. तो खऱ्या अँपला ठरावीक चाचणीचे आवाज पाठवतो आणि परत आलेल्या आवाजावरून त्या अँपचे चित्र उतरवून घेतो. २०१५ मधला हेलिक्स आणि त्यानंतरचा फिनलंडचा क्वाड कॉर्टेक्स या यंत्रांत हे तंत्र फुटस्विच असलेल्या पाटीवर मिळते. डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकातल्या अर्जेंटिनाच्या तळावर मेटॅलिका या बँडने श्रोत्यांना हेडफोन लावून, अँपची भिंत न उभारता कार्यक्रम केला, तो अशाच यंत्रांच्या जोरावर.

या यंत्रांच्या यादीत ब्रिटिश अँपांची सोंगे ओळखणे हा एक खेळच असतो. ट्रेडमार्कच्या भीतीने खरी नावे लिहिता येत नाहीत. मग हेलिक्समध्ये मार्शल होतो ‘ब्रिट प्लेक्सी’, हायवॉट होतो ‘हूवॉट’, ऑरेंज होतो ‘मँडरिन’. व्हॉक्स एसी३० चे नाव ‘एसेक्स’ आहे. जन्मगाव केंटमध्ये, थेम्सच्या दक्षिण काठाला. नाव मात्र नदीपलीकडच्या परगण्याचे.

सेटिंगकडे वळण्यापूर्वी साखळी समजून घ्यावी लागते. गिटारमधून संदेश आत येतो, आधी ड्राइव्ह किंवा कॉम्प्रेसरसारखे इफेक्ट लागतात, मग अँपचे मॉडेल, मग कॅबिनेट आणि शेवटी डिले व रिव्हर्ब. या साखळीत नवखा वादक अँपच्या मॉडेलवर तासन्‌तास घालवतो. आवाजात सर्वांत जास्त फरक मात्र कॅबिनेटच्या ठोकळ्याने, म्हणजे साखळीतल्या त्या कडीने, पडतो. तिथे ‘इम्पल्स रिस्पॉन्स’, थोडक्यात आयआर, नावाची फाइल काम करते. खऱ्या कॅबिनेटमधून चाचणीचा आवाज सोडायचा, समोरच्या माइकने तो टिपायचा आणि त्यातून स्पीकर, लाकूड, माइक व माइकची जागा यांचा एकत्रित ठसा काढायचा, असा हा प्रकार. फाइल अगदी लहान असते; ४८ किलोहर्ट्झला २,०४८ नमुन्यांची फाइल जेमतेम ४३ मिलिसेकंद टिकते. इप्सविचची सेलेस्टियन कंपनी गेली कित्येक दशके गिटारचे स्पीकर बनवत आली आहे आणि २०१७ पासून आपल्याच स्पीकरचे आयआर विकते. माइक स्पीकरच्या मध्यावरून कडेकडे अडीच-तीन सेंटिमीटर सरकवलेला आयआर निवडला, तर जो चरचरीतपणा कमी करायला इक्वलायझरची चार बटणे फिरवावी लागली असती तो एका झटक्यात जातो. म्हणून सेटिंगची सुरुवात कॅबिनेटपासून करणे शहाणपणाचे.

सेलेस्टियनच्या ग्रीनबॅक स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याचा पल्ला ७५ ते ५,००० हर्ट्झ असा दिलेला आहे. गिटारचा स्पीकर पाच हजारांच्या वर फारसे काही वाजवतच नाही. पीएचा स्पीकर वीस हजारांच्या आसपास पोचतो. डिस्टॉर्शनमधून निघणारा वरच्या पट्टीतला कचरा गिटारच्या कॅबिनेटने आयुष्यभर गाळून टाकलेला असतो; पीए तो इमानदारीने वाजवून दाखवतो. कॅबिनेटचा ठोकळा चुकून बंद राहिला तर मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखा आवाज येतो तो यामुळेच. ठोकळा चालू असला तरी माइकजवळच्या आयआरमधून थोडी धार उरतेच. त्यासाठी साखळीच्या शेवटी सहा ते आठ हजार हर्ट्झच्या वरचा भाग उतरवणारा ‘हाय कट’ लावतात. खालच्या टोकाला ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते. त्याखाली जे उरते ते ठोके, घरघर आणि बेस गिटार व बास ड्रमच्या जागेवरचे अतिक्रमण. एकट्याने ऐकताना हा कट आवाज बारीक करतो असे वाटते. बँड वाजू लागला की गिटार आधीपेक्षा ठळक ऐकू येते.

टोन कोणत्या आवाजात बसवला, हा यापुढचा आणि सर्वांत कळीचा मुद्दा. माणसाचा कान सगळ्या पट्ट्या सारख्या ऐकत नाही आणि ही विषमता आवाजाच्या पातळीनुसार बदलते. १९३३ मध्ये अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी याचे आलेख काढले. १९५६ मध्ये लंडनजवळच्या टेडिंग्टन इथल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी ते नव्याने मोजले आणि त्यांचे आकडे पुढे आंतरराष्ट्रीय मानकात गेले. गिटारवादकाने त्यातले एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे : हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचा भाग कानाला कमी ऐकू येतो. साहजिकच रात्री घरी, शेजाऱ्यांच्या धाकाने हळू वाजवत टोन बसवणारा माणूस बेस आणि ट्रेबल वाढवतो आणि मिड उतरवतो. तोच प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेली सेटिंगे, नव्वद-पंचाण्णव डेसिबलला वाजला की खर्ज धबधबतो, ट्रेबल बोचतो आणि ज्या मिडमध्ये गिटारचा जीव असतो तो गायब असतो. उपाय साधा आहे, गैरसोयीचा असला तरी. रिहर्सल रूम तासाभरासाठी भाड्याने घ्यावी, मॉडेलर तिथल्या पीएला जोडावा आणि कार्यक्रमाच्या पातळीला, शक्यतो ड्रम आणि बेस वाजत असताना, टोन बसवावा. ब्रिटनमधल्या बहुतेक शहरांत अशा खोल्या तासावर मिळतात. ती सोय नसेल तर घरी प्रीसेट मुद्दाम कोरडा, मिड पुढे आणि गेन कमी ठेवून बनवावा. घरच्या खुर्चीत तो जरा रुक्षच वाटेल.

गेनच्या बाबतीत जवळजवळ सगळेच वादक अधाशी असतात. मोठ्या आवाजात कॉम्प्रेशन आपोआप जाणवते, तार आणि स्पीकर यांच्यात गुंजन चालू राहते, त्यामुळे कमी डिस्टॉर्शनही भरदार वाटते. घरच्या प्रीसेटमधला गेन स्टेजवर चौथा हिस्सा कमी केला तरी श्रोत्यांना तो कमी वाटत नाही. उलट कॉर्डमधले स्वर सुटे ऐकू येतात. रिव्हर्बचेही तसेच. इझलिंग्टनच्या युनियन चॅपलसारख्या, एकोणिसाव्या शतकात चर्च म्हणून बांधलेल्या वास्तूत कार्यक्रम असेल तर दगडी भिंती स्वतःचा रिव्हर्ब फुकटात देतात. प्रीसेटमधला रिव्हर्ब त्यात मिसळला की गिटार मागच्या भिंतीतून वाजतेय असे वाटते.

आता मॉडेलर कशाला जोडायचा. मार्ग तीन आहेत. पहिल्यात एक्सएलआर केबलने थेट स्टेजबॉक्सला आणि तिथून मिक्सरला जोडतात; कॅबिनेटचा ठोकळा चालू. दुसऱ्यात वादकाजवळ सपाट प्रतिसादाचा सक्रिय स्पीकर, ज्याला वादक ‘एफआरएफआर’ म्हणतात; ठोकळा इथेही चालू. तिसऱ्यात पॉवर अँप आणि खरे गिटार कॅबिनेट. इथे मात्र ठोकळा बंद हवा, नाहीतर एका कॅबिनेटचा आवाज दुसऱ्या कॅबिनेटमधून गाळला जाऊन सर्दी झाल्यासारखा ऐकू येतो. पाठीमागून अंगावर खऱ्या स्पीकरची हवा लागल्याशिवाय ज्यांना वाजवल्यासारखे वाटत नाही, त्यांनी संदेशाचे दोन फाटे करावेत. कॅबिनेटसह एक फाटा एक्सएलआरमधून लोकांसाठी, कॅबिनेटविना दुसरा फाटा जॅकमधून स्टेजवरच्या कॅबिनेटसाठी. आवाजाचे मोठे बटण फक्त जॅकवर चालेल असे ग्लोबल सेटिंगमध्ये ठरवता येते. मग वादकाने स्वतःसाठी आवाज कमीजास्त केला तरी मिक्सरकडे जाणारी पातळी हलत नाही. या एका सेटिंगमुळे साउंड इंजिनिअर आणि गिटारवादक यांच्यातली निम्मी भांडणे मिटतात.

एक्सएलआरची पातळी माइकची ठेवायची की लाइनची, हे आधी विचारून घ्यावे. पबच्या छोट्या मिक्सरला लाइन पातळीचा जोरदार संदेश दिला की इनपुट फाटतो. स्टेजबॉक्सला पॅड नसेल तर माइक पातळी सुरक्षित. मिक्सरवरची अठ्ठेचाळीस व्होल्टची फँटम पॉवर त्या चॅनलवर बंद असावी. खात्री देणारे कोणी नसेल तर मध्ये एक साधा डीआय बॉक्स ठेवणे उत्तम. स्टिरिओचा मोह आवरावा. पबमधला पीए बहुधा मोनो असतो, आणि इंजिनिअरकडे गिटारसाठी एकच चॅनल उरलेला असू शकतो. डावी-उजवी बाजू काही मिलिसेकंदांनी मागेपुढे करून रुंद केलेला आवाज मोनोत एकत्र आला की काही पट्ट्या एकमेकींना खाऊन टाकतात. तेव्हा प्रत्येक प्रीसेट मोनोत ऐकून पाहिल्याशिवाय पक्का करू नये.

प्रीसेटची रचना वादकाच्या स्वभावावर अवलंबून असली तरी एक तांत्रिक अडचण सगळ्यांनाच येते. एका प्रीसेटवरून दुसऱ्यावर जाताना बऱ्याच यंत्रांत क्षणभर आवाज तुटतो आणि डिलेची शेपटी कापली जाते. म्हणून गाण्याच्या मधोमध प्रीसेट बदलणे टाळतात. एकाच प्रीसेटमध्ये ‘स्नॅपशॉट’ किंवा ‘सीन’ करून ठेवले की तेच ठोकळे वेगवेगळ्या स्थितीत क्षणात बदलतात, शेपटीही शाबूत राहते.

याचे उदाहरण म्हणून ब्रिटनमधल्या मराठी मंडळांचे कार्यक्रम घेऊ. लंडनच्या डॉलिस हिलमधल्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची. आज ब्रिटनच्या अनेक शहरांत मराठी मंडळे आहेत, आणि त्यांचे गणेशोत्सवाचे किंवा दिवाळीचे गाण्यांचे कार्यक्रम पुष्कळदा भाड्याच्या शाळेत नाहीतर कम्युनिटी हॉलमध्ये होतात. अशा ठिकाणी दोन-तीन गायक, कीबोर्ड, तबला, ढोलकी आणि एक गिटार असा ताफा असतो आणि मिक्सरवर पुष्कळदा मंडळातलाच कोणी हौशी सभासद बसतो. या वाद्यमेळासाठी एक प्रीसेट आणि चार स्नॅपशॉट पुरतात. पहिला स्वच्छ टोन, त्यावर किंचित कॉम्प्रेसर, भावगीतांच्या छेडीसाठी. दुसऱ्यात त्याच टोनवर कोरस आणि तालाशी जुळवलेला डिले, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सिनेगीतांसाठी. तिसऱ्यात किंचित फाटणारा एसी३०, उडत्या चालीच्या ठेक्यासाठी. चौथा सोलोचा, तिसऱ्यापेक्षा तीन डेसिबल वर आणि आठशे ते पंधराशे हर्ट्झच्या भागात थोडा उठाव दिलेला. अशा कार्यक्रमात मॉडेलरचा खरा फायदा मिळतो तबलजीला. स्टेजवर गिटारचा अँप धडधडत असला की त्याचा आवाज तबल्याच्या माइकमध्ये शिरतो. मग तबला वाढवावा तर गिटारही वाढते आणि थोड्या वेळात फीडबॅकची शिट्टी बसते. अँपच नसेल तर तबल्याचा माइक मोकळेपणाने उघडता येतो.

चारही स्नॅपशॉटची पातळी जुळवणे हे कंटाळवाणे पण टाळता न येणारे काम आहे. स्वच्छ टोनमध्ये चढउतार जास्त असतात, डिस्टॉर्शन दाबलेले असते. म्हणून मीटरवर दोन्ही सारखे दिसले तरी कानाला सारखे वाटत नाहीत. जुळवणी कानाने, मोठ्या आवाजात आणि बँडसोबत करावी, मीटर फक्त संदेश फाटत नाही ना हे पाहण्यापुरता वापरावा. पातळी बदलताना अँपच्या मॉडेलमधला ‘मास्टर’ हलवू नये, कारण त्याने टोनही बदलतो. त्यासाठी ‘चॅनल व्हॉल्यूम’ किंवा शेवटच्या ठोकळ्याची पातळी असते.

हॉलनुसार सगळे प्रीसेट बदलत बसायचे नसतात. त्यासाठी ग्लोबल इक्वलायझर आहे : एकाच ठिकाणी दोन डेसिबल कमीजास्त केले की रात्रभराचे सगळे आवाज त्या हॉलला जुळतात. फक्त कार्यक्रम संपल्यावर तो पूर्ववत करायला विसरू नये. पुढच्या रिहर्सलला टोन का बिघडला याचा शोध घेण्यात अर्धा तास जातो.

वादकाला स्वतःचा आवाज कुठून ऐकू येणार, हे ठरवल्याशिवाय सेटिंग पुरे होत नाही. जमिनीवरच्या वेज मॉनिटरमध्ये गायकाचा आवाज आधी आणि गिटार नंतर येते. कानातले इन-इअर मॉनिटर आता स्वस्त झाले आहेत आणि मॉडेलरशी त्यांचे चांगले जमते, पण त्यांत गिटार नको इतकी स्पष्ट आणि हवेविना कोरडी ऐकू येते. फक्त मॉनिटरकडे जाणाऱ्या फाट्यावर हलका रूम रिव्हर्ब लावला तर कान सुखावतो. उशिराचीही थोडी बेरीज करावी. मॉडेलरला साधारण दोन-तीन मिलिसेकंद लागतात; डिजिटल वायरलेस, डिजिटल मिक्सर आणि इन-इअरची प्रणाली प्रत्येकी आपापली भर घालतात. ध्वनी मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे सहा मिलिसेकंदांचा उशीर अँपपासून दोन मीटर लांब उभे राहण्याइतकाच. एवढे कोणालाही खपते. पंधराच्या पुढे गेले की झपाट्याच्या वादनात बोटे अडखळू लागतात, तेव्हा साखळीतला एखादा डिजिटल टप्पा कमी करावा.

ब्रिटनमध्ये मॉडेलरचा प्रसार व्हायला कायद्याचाही हात लागला. कामाच्या ठिकाणच्या आवाजाविषयीचे २००५ चे नियम संगीत आणि करमणूक क्षेत्राला एप्रिल २००८ पासून लागू झाले. रोजची सरासरी ८० डेसिबल झाली की मालकाने वादकांना माहिती आणि मागितल्यास कानाचे संरक्षण द्यायचे, ८५ ला हे संरक्षण बंधनकारक, आणि ८७ ही कमाल मर्यादा. २०१८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने एका व्हायोलावादकाच्या श्रवणहानीबद्दल रॉयल ऑपेरा हाउसला जबाबदार धरले, तेव्हा या नियमांना दात आहेत हे साऱ्या क्षेत्राला कळले. ऑर्केस्ट्रा पिटसारख्या बंदिस्त जागेत दाटीवाटीने बसणाऱ्या वादकांमध्ये आवाज न करणारी गिटार सगळ्यांनाच हवीशी वाटते.

त्याहून रोजचा अनुभव साउंड लिमिटरचा. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात, गावच्या सभागृहात छताला एक माइक आणि भिंतीवर हिरवा, पिवळा, तांबडा असे दिवे दिसतात. आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला आणि तांबडा दिवा काही सेकंद टिकला, की रिले स्टेजवरच्या सगळ्या सॉकेटांची वीजच तोडतो. शेजाऱ्यांची झोप वाचते; बँडचे काय होते ते सांगायला नको. वीज परत आली की पीए लगेच चालू होतो, मॉडेलर मात्र संगणकासारखा पहिल्यापासून उठतो आणि काही यंत्रांना त्यासाठी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. ऐन सोलोत हे झाले तर ढोलकीवाल्याने वेळ मारून नेण्यावाचून इलाज नसतो. यावर छोटा यूपीएस हा रास्त उपाय आहे : मॉडेलर त्यावर चालू राहतो आणि वीज येताच वाजू लागतो. मॉडेलर स्वतः आवाज करत नाही, त्यामुळे लिमिटर चुकवल्याचा दोषही येत नाही; तरी हॉलच्या व्यवस्थापकाच्या कानावर घालणे बरे. बुकिंग घेतानाच लिमिटर आहे का आणि मर्यादा किती, हे विचारावे. नुसता ड्रमचा संच नव्वदीच्या वर सहज जातो, तेव्हा मर्यादा त्याहून खाली असेल तर गिटारची पातळी कितीही उतरवून उपयोग नाही.

विजेच्या बाबतीत भारतातून ब्रिटनला जाणाऱ्या वादकाला व्होल्टेजची चिंता नाही. दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लगची कथा जरा गमतीची आहे. भारतातली गोल पिनांची रचना मुळात जुनी ब्रिटिश, बीएस ५४६ या मानकाची. ब्रिटनने १९४७ पासून चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला बीएस १३६३ प्लग घेतला आणि गोल पिना घरांतून गेल्या. नाट्यगृहात मात्र त्या टिकल्या : तिथल्या स्टेजलाइटसाठी मोठ्या गोल पिनांची १५ अँपियरची सॉकेटे अजून दिसतात आणि ती डिमरला जोडलेली असतात. भारतातून नेलेला जाड पिनांचा प्लग तिथे ओळखीचा वाटून बसवण्याचा मोह होऊ शकतो. दिवे मंद करताना त्या सॉकेटमधला पुरवठा छाटला जातो आणि इलेक्ट्रॉनिक यंत्राला ते मानवत नाही. चौकोनी पिनांचे सॉकेटच शोधावे. लहान मॉडेलर ९ किंवा १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालतात आणि तीन अँपियरपर्यंत प्रवाह मागतात. पेडलांसाठीचा साधा पुरवठा त्यांना पुरत नाही, त्यामुळे कंपनीचाच अ‍ॅडॅप्टर आणि शक्य तर त्याचा जोडीदार पिशवीत असावा.

जोडल्यावर पन्नास हर्ट्झची घरघर आली तर एक्सएलआरवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ दाबावा. प्लगमधली अर्थिंगची तार कधीही काढू नये. मे १९७२ मध्ये स्वान्सीच्या टॉप रँक बॉलरूममध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. गिटारच्या तारा अँपमार्गे अर्थशी जोडलेल्या असतात आणि माइक दुसऱ्याच यंत्रणेशी. दोहोंत तफावत असली की मधला दुवा वादकाचे शरीर होते. मॉडेलर वापरल्याने हा धोका जात नाही.

साउंड चेकच्या वेळी इंजिनिअरला आधी सर्वांत मोठा स्नॅपशॉट ऐकवावा, मग सर्वांत हळू. त्यावरून त्याला चॅनलची पातळी एकदाच लावता येते. त्यानंतर वादकाने पातळीला हात लावू नये. शक्य असेल तर छोट्या लूपरवर चार मात्रा वाजवून ठेवाव्यात आणि स्वतः हॉलमध्ये उतरून ऐकावे. स्टेजवर उभे राहून पीए कसा वाजतो याचा अंदाज बांधणे व्यर्थ असते. महोत्सवात दोन बँडांच्या मधली वेळ पंधरा-वीस मिनिटांची असते, तिथे साउंड चेक कसला, नुसती ‘लाइन चेक’ होते. तेव्हा आधी पाठवलेल्या कागदावर ‘गिटार, एक एक्सएलआर, मोनो, माइक पातळी’ एवढे स्पष्ट लिहिलेले असले की काम भागते.

राहिली बिघाडाची तयारी. कार्यक्रमाच्या आठवड्यात फर्मवेअर बदलू नये. प्रीसेट आणि ग्लोबल सेटिंग या दोन्हींची प्रत लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर ठेवावी; बरेच जण पहिल्याची ठेवतात आणि दुसऱ्याची विसरतात. ब्रिटनच्या हिवाळ्यात रात्रभर गाडीत राहिलेले यंत्र उबदार हॉलमध्ये आणताच चालू करू नये, आत दव धरलेले असू शकते; अर्धा तास तसेच राहू द्यावे. आणि अँपचा व कॅबिनेटचा आवाज देणारे तळहाताएवढे एक पेडल, एका नऊ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरसह, गिटारच्या पेटीच्या खणात टाकून ठेवावे. मोठा मॉडेलर उठलाच नाही तर गिटारची केबल त्यात, त्याची केबल डीआय बॉक्समध्ये, आणि मिक्सरवर तोच चॅनल. एवढ्यावर उरलेला कार्यक्रम एका टोनमध्ये पार पडतो.